उबाळे भाऊसाहेबांची चिठ्ठी

उबाळे भाऊसाहेब निवृत्त झाले त्या दिवशी आमच्या ऑफिसात शाल आली नाही, श्रीफळ आलं नाही आणि समोसेसुद्धा आले नाहीत. शिपायाची बदली झाली तरी आमच्याकडे समोसे येतात. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी टेबलाचा खण रिकामा केला, किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "खण जरा अडकतो. उजवीकडून ओढायचा." झालं. पस्तीस वर्षांची नोकरी त्या वाक्यावर संपली. मी खाली बघूनच "हो" म्हटलं. मान वर केली असती तर माझं काय गेलं असतं, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑफिसचं नाव सांगत नाही. मुरबाडच्या बाजूला आहे आणि पाण्याच्या योजना बघतं, एवढं पुरे. मी सापगावची. शहापूरहून येणाऱ्या सकाळच्या एसटीत मी सापगावला चढायचे आणि उबाळे शेणव्याला. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. चढले की कोणाकडे न बघता थेट मागे जायचे, चाकावरच्या सीटवर. खड्डा आला की तिथला माणूस वीतभर उडतो, म्हणून ती सीट कायम रिकामी. "ही बरी. कोन ऊठ म्हनत नाय," असं म्हणायचे. थट्टेत म्हणायचे की मनापासून, हे मी कधी विचारलं नाही. ऑफिसात मला 'मॅडम' म्हणायचे, एसटीतून उतरताना मात्र "चल गो बाय, आलं मुरबाड."

डबा ते एकटे खायचे. आमचं एक लांब टेबल होतं, दीड वाजता सगळे डबे तिथे उघडायचे, माझा त्याचा करत भाज्या फिरायच्या. नोकरीच्या सुरुवातीला उबाळ्यांना त्या टेबलावर कोणी बोलावलं नाही. का, ते आपल्याकडे सांगावं लागत नाही. पुढे दिवस बदलले, नवी माणसं आली, कोणीतरी हाक मारली, "भाऊसाहेब, या की इकडे." ते हसून म्हणाले, "राहू द्या. सवय झाली." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नाशिकला दिलेली. स्वतःच रांधायचे, स्वतःच बांधून आणायचे आणि खिडकीकडे तोंड करून जेवायचे. डबा धुऊन, पुसून, उपडा ठेवून मगच पाणी प्यायचे.

त्यांचं काम आक्षेपांना उत्तरं देण्याचं. ज्यांचा सरकारी कागदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. अर्थसंकल्पात कामांसाठी पैसे मंजूर होतात. ते मागितले त्याच कामाला लागले का, हे नंतर लेखापरीक्षक तपासतात आणि खोट दिसली की एक परिच्छेद लिहितात. त्याला खात्याने उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही तर प्रकरण मुंबईला विधिमंडळाच्या समितीपुढे जातं. तिथे सगळ्या पक्षांचे आमदार, मधोमध अध्यक्ष, समोर खात्याचे सचिव. सचिवांच्या मागे आमच्यासारख्या ऑफिसांचे साहेब आणि त्यांच्याही मागे, भिंतीला लागून, मांडीवर फायली घेतलेले कारकून. फोन बाहेर जमा करायचे. आमदारांनी प्रश्न विचारला की मागून चिठ्ठी पुढे सरकते. साहेब ती वाचतात आणि ही गोष्ट आपल्याला जन्मापासून ठाऊक होती अशा थाटात उत्तर देतात.

या चिठ्ठ्या लिहिण्यात उबाळ्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजू ते पट्टी लावून फाडायचे, बसच्या तिकिटाएवढे तुकडे करून रबर लावून ठेवायचे. नियम एकच. "आठ शब्द. नववा आला का साहेब अडखळतो." एकदा एका आमदारांनी विचारलं होतं, रस्ता दोन किलोमीटर आणि पाइप साडेतीन किलोमीटर, मधला पाइप कोणाच्या परसात पुरला? पुढची रांग नुसती पानं उलटायला लागली. मागून चिठ्ठी गेली, 'रस्ता खिंडीतून. पाइप डोंगराला वळसा. नकाशा पान चार.' अध्यक्षांनी पान चार उघडलं, हसले आणि परिच्छेद वगळला. 'वगळला' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गोड शब्द. परिच्छेद वगळला की फाइल बांधायची, त्या विषयाचं पुन्हा कोणी नाव काढत नाही.

आक्षेपांचा इतरांना राग यायचा, यांना नाही. "कोन तरी विचारतंय ना? विचारनाऱ्याला उत्तर द्यावं," असं म्हणायचे. आम्ही पोरीबाळी उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलं की त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारून कागद परत. "कार्यवाही तर पंखा पन करतो. सकाळपासून सुरू आहे. कुटं पोचला?" मला या माणसाचा कंटाळा यायचा, खोटं का बोलू. चार वेळा कागद परत आला की कोणाला येणार नाही?

त्यांना माणूस असा एकच होता, देसाई साहेब. गोरे, स्थूल, जरा घाबरट, पण मनाने निर्मळ. त्यांचीही पत्नी वारलेली. चार वाजता साहेबांची बेल एकदाच वाजायची. दोनदा वाजली तर शिपाई, एकदा वाजली तर उबाळे. मग आत दोन कप चहा जायचा. माझं टेबल दाराशी, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. फायलींबद्दल अक्षर नाही. वालाच्या बिरड्यात हिंग आधी की नंतर, यावर दोघांनी एक आठवडा काढला होता. साहेबांना कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत, भात रोज गिचका व्हायचा. उबाळ्यांनी त्यांना पाणी बोटाच्या पेराने मोजायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी साहेब अकरा वाजताच बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "उबाळे, सुटा झाला!" मी उबाळ्यांना तेवढंच एकदा मोठ्याने हसताना पाहिलंय.

समितीपुढे तर साहेबांचा त्यांच्यावर आंधळा विश्वास. मागे हात करायचा, चिठ्ठी घ्यायची आणि वाचत वाचतच बोलायचं. आधी नजर टाकून घ्यावी, असं त्यांना कधी वाटलंच नाही. चिठ्ठी हातात पडायच्या आधीच तोंड उघडलेलं असायचं. इतर साहेब लोक हेवा करायचे.

आणि मग कारवीच्या वाडीचा परिच्छेद आला. नाव मी बदललंय. टोकावड्याच्या वर, डोंगराला चिकटून, कातकऱ्यांची पंचवीसेक झोपड्यांची वाडी. तिथे फार वर्षांपूर्वी पाण्याची योजना झाली होती. टाकी बांधली, वाडीत नळ उभे केले, पण विहिरीपासून टाकीपर्यंतचा पाइप टाकलाच नाही. ठेकेदार कधीच वारला. कागदोपत्री काम 'पूर्ण'. लेखापरीक्षकांनी साधा प्रश्न विचारला होता, पूर्ण असेल तर पाण्याचा वापर शून्य कसा?

देसाई साहेबांनी उत्तर सुचवलं. 'योजना पूर्ण असून ग्रामस्थ वर्षातील बहुतांश काळ स्थलांतरित असल्याने वापर होत नाही.' आहे की नाही चलाख? वाडी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते, हे अगदी खरं. त्या वाक्यात खोटा शब्द शोधून सापडायचा नाही, एक 'पूर्ण' सोडला तर. साहेब चोर नव्हते. काम त्यांच्या आधीचं. त्यांची दोन वर्षं उरली होती, बढतीची फाइल वर गेली होती, त्यांना ते प्रकरण मिटलेलं हवं होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत उबाळे मागे गेले नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसले. असं कधी झालं नव्हतं.

"गो बाय, ती यादी मी केलेली."

"कुठली यादी?"

"पूर्ण कामांची. वाडीची. मार्च अखेरीची घाई. सतरा योजना होत्या. साइटवरचा माणूस फोनवर बोलला, सगळी झाली भाऊसाहेब. मी पह्यल्या ओळीत 'पूर्ण' लिवलं आन् खाली वरीलप्रमाणेच्या खुना मारत गेलो. सतरा ओळी, खट खट खट. वाडी अकरावी."

"मग त्यात काय? सगळेच मारतात."

"मारतात. पन कागदावर एकदा पानी आलं ना, का त्या वाडीला दुसरी योजना नाय. ती मानसं दोनदा अर्ज घेऊन आलेली. दोनदा मीच त्यांना परत लावलं, तुमाला दिलंय म्हनून. माझ्याच खुनेवर बोट ठेवून." डब्याची पिशवी मांडीवर घेतली. "आता समितीनं परिच्छेद वगळला का संपलं. मग कोनीच विचारनार नाय."

मग म्हणाले की ते रविवारी वाडीवर जाऊन आले. पहिल्यांदा. वाडी रिकामी, सगळी भट्टीवर. टाकीच्या सावलीत शेळ्या बसलेल्या. एक म्हातारी होती, तिने त्यांना तांब्याभर पाणी दिलं. खालच्या ओढ्यातून, उभी चढण चढून आणलेलं. "मी कोन ते तिनं विचारलं नाय. मी पन सांगितलं नाय. पानी पिलो आन् आलो."

"साहेबांना सांगा ना."

"सांगितलं. साहेब बोलले, उबाळे, दोन वर्षं राहिलीत माझी, मला नीट जाऊ द्या." खिडकीबाहेर बघत होते. "मानूस चांगला आहे गो."

समितीतलं बाहेर सांगू नये असा दंडक आहे. मी चिठ्ठीपुरतंच सांगते. मी फायली उचलायला बरोबर होते, उबाळ्यांच्या शेजारच्या खुर्चीत. आमचा परिच्छेद जेवणानंतर निघाला. सचिवांनी आमचं तेच लेखी उत्तर वाचून दाखवलं. दोन-तीन माना हलल्या, एका सदस्यांनी पान उलटलं, आता वगळणार अशी हवा झाली. तेवढ्यात अध्यक्षांनी विचारलं, "टाकीत पाणी पहिल्यांदा कोणत्या वर्षी आलं?" सचिवांनी देसाई साहेबांकडे पाहिलं. देसाई साहेबांनी सवयीने हात मागे केला.

उबाळ्यांनी लिहिलं. मी शेजारून वाचलं. हात धरावासा वाटला, धरला नाही. चिठ्ठी साहेबांच्या हातात गेली आणि साहेब आपल्या त्या खणखणीत, आत्मविश्वासाच्या आवाजात बोलले, "पाणी कधीच आलं नाही. पूर्ण हा शेरा चुकीचा."

आठ शब्द. कुठेही अडखळले नाहीत.

शेवटच्या शब्दाला त्यांना कळलं. पण तिथे बोललेला शब्दन् शब्द टिपणारी माणसं बसलेली असतात आणि त्यांची पेनं पुढे गेली होती. साहेब मागे वळले. रागाने नव्हे. हातातून बशी निसटली की माणूस तिच्याकडे जसा बघतो, तसे उबाळ्यांकडे बघत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "शेरा कोणाचा?" उबाळे उठून उभे राहिले. भिंतीकडची माणसं तिथे कधी उठत नाहीत. "माझा, साहेब. न जाता लिहिलेला." अध्यक्षांनी लेखी द्यायला सांगितलं आणि पुढचा परिच्छेद घेतला. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील.

परिच्छेद वगळला गेला नाही. समितीच्या अहवालात शिफारस आली की वाडीचं नाव पूर्ण कामांच्या यादीतून काढावं, नव्याने योजना करावी, जबाबदारी निश्चित करावी. तिसऱ्या शिफारशीची अंमलबजावणी सर्वांत आधी झाली, हे सांगायला नको. देसाई साहेबांची बढती राहिली आणि महिन्याभरात त्यांना कुठल्याशा भांडाराच्या ऑफिसात टाकलं. उबाळ्यांवर चौकशी बसली, त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं कबूल केलं, वेतनवाढ गेली.

ऑफिस तर त्यांच्यावर उलटलंच. खाल्ल्या घरचे वासे मोजले, जाता जाता साहेबाला बुडवलं, हीच भाषा. गंमत बघा, वाडीला पाणी नव्हतं हे कोणी नाकारत नव्हतं. सगळ्यांना ते पटलेलं होतं, आणि तरी उबाळे आत आले की बोलणं बंद. साहेब जायच्या आधीच्या त्या महिन्यात चारची बेल एकदाही वाजली नाही. चार वाजले की उबाळे हातातलं पेन खाली ठेवायचे, सव्वाचारला पुन्हा उचलायचे. मी दाराशी बसून ते रोज बघत होते. साहेब आत एकटे, हे बाहेर एकटे, मधे एक दार. साहेब गेले त्या दिवशी उबाळे जिन्याशी उभे राहिले. साहेबांनी सगळ्यांना हात जोडले, त्यांच्यापुढून जाताना नेमके खिशात रुमाल शोधायला लागले.

आणि मी? एसटीत मी पुढच्या सीटवर बसायला लागले, शेजारी पर्स ठेवून. लाज वाटते सांगायला, पण ठेवली. कोणी बघितलं तर माझंही नाव त्यांच्याबरोबर घेतलं जाईल, एवढीच भीती.

एकदाच धीर करून विचारलं. ऑफिसात कोणी नव्हतं. "भाऊसाहेब, समितीला सरळ पत्र लिहिता आलं असतं की. साहेबांच्या तोंडून कशाला?"

"पत्र फायलीत गेलं असतं," ते म्हणाले. मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "साहेब माझी चिठ्ठी आधी बघत नायत, हे मला ठाऊक होतं. त्याचाच फायदा घेतला. दुसऱ्या कोनाची असती तर त्यांनी आधी वाचली असती. ती चोरीच, मॅडम. चांगल्या कामाला केली म्हनून काय झालं."

त्यानंतर चार महिन्यांनी ते निवृत्त झाले, ते वर सांगितलंच. पेन्शन चौकशीपायी वर्षभर रखडली. मी शेणव्यावरून रोज जात-येत होते, उतरले नाही.

वाडीची नवी योजना व्हायला तीन वर्षं लागली. काम झाल्याचा कागद माझ्याच टेबलावर आला, शेऱ्याची जागा कोरी. मी नव्या साहेबांना म्हटलं, मी जाऊन येते. ते म्हणाले, फोटो आलेत की मोबाइलवर. म्हटलं, तरी जाते. टोकावड्याला उतरून चालत गेले, वर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. पावसाच्या तोंडाशी, माणसं भट्टीवरून परतलेली. नळाशी हंडे लावून चार बाया बसल्या होत्या. मी विचारलं, येतं का रोज? त्यातली थोरली म्हणाली, "येतं ना बाय. सकाळचा येतं. वाईच येतं, पन येतं." मी तोटी सोडली आणि ओंजळीने प्याले. मग तिथेच रडू आलं. बाया घाबरल्या, बाईला ऊन लागलं म्हणाल्या.

त्या शनिवारी मी शेणव्याला उतरले. घर रस्त्यालाच. उबाळे ओटीवर सुपात वाल निवडत बसले होते. आणखी वाळले होते, दाढी वाढलेली. मला बघून जरा गोंधळले. "या मॅडम," म्हणाले, मग सावरून, "ये गो, बस."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोता गेल्तीस?"

"स्वतः गेले. माझ्या हाताने तोटी सोडली."

"टाकीवर चढलीस?"

"चढले. वरपर्यंत भरलेली आहे."

"मग शेरा लिव," म्हणाले आणि पुन्हा वाल निवडायला लागले. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील, निदान हसतील. तसलं काही झालं नाही. सुपातले खडे एकेक करून उंबऱ्याबाहेर टाकत राहिले. आतून गूळ-पाणी आणून दिलं. मुलीची चौकशी केली तर म्हणाले, दिवाळीला येते. एसटीला वेळ होता.

"साहेब कुटं असतात आता?" त्यांनी सुपाकडे बघतच विचारलं.

"ठाण्याला. मुलाकडे."

"तब्येत?"

"बरी आहे. मध्ये एका लग्नात भेटले होते."

"माझं काय नाव काढलं का?"

आता खरं काय झालं ते सांगते. लग्नाच्या पंगतीत मीच उबाळ्यांचं नाव काढलं होतं. देसाई साहेबांनी ताटातली जिलबी बाजूला सारली आणि यंदा लग्नाच्या तिथी फार दाट आहेत, असं काहीतरी म्हणाले. बस.

"काढलं की," मी म्हटलं. "उबाळे कसे आहेत म्हणाले. एकदा घरी यायला सांगा म्हणाले."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं या माणसाने लोकांच्या उत्तरांतलं खोटं शोधलं होतं. कधी म्हणाले, कोणासमोर म्हणाले, पत्ता दिला का, एवढं विचारलं असतं तरी मी उघडी पडले असते. मी वाट बघत राहिले.

त्यांनी काही विचारलं नाही. "बरं झालं," म्हणाले. "जाईन मी."

एसटी आली. मी खिडकीशी बसले, शेजारी पर्स ठेवायची सवय, ती उचलून मांडीवर घेतली. गाडी सुटताना मागे पाहिलं. उबाळ्यांनी सूप आत नेलं होतं. पेटीतला एक पांढरा शर्ट बाहेर आणून दोरीवर उन्हाला टाकला होता आणि त्याच्या बाह्या दोन्ही हातांनी ओढून सरळ करत उभे होते.